बागेतली घूस : ओळख, बीळ आणि पिंजरा

इंग्लंडात हिरवळीवर रातोरात मातीचा ढीग उगवला, तर तो मोल या प्राण्याचा असतो. तसाच ढीग पुण्यात, नाशकात किंवा रत्नागिरीत दिसला, तर तो बहुधा घुशीचा समजावा. ढीग सारखे दिसतात, पण ते करणारे प्राणी दोन वेगळ्या गणांतले आहेत आणि त्यांना पकडण्याचं शास्त्रही वेगळं आहे. मोल गांडुळं आणि अळ्या खातो. कंद, मुळं, धान्य यांच्याशी त्याला देणंघेणं नसतं. भारतात मोल आढळतात ते पूर्व हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगराळ भागात. महाराष्ट्रात आणि गोव्यात त्यांची एकही जात नाही. घूस मात्र कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी. ती बागेत येते ती खायला, साठवायला आणि पिलं वाढवायला.

हा फरक आधीच सांगण्याला कारण आहे. बागकामाची बरीचशी माहिती हल्ली परदेशी पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून आपल्यापर्यंत येते. ती वाचून लोक हिरवळीवर एरंडेल शिंपडतात, कंप देणाऱ्या काठ्या रोवतात, बिळात डांबरगोळ्या टाकतात, आणि घूस शेजारचाच रताळ्याचा वाफा उकरत राहते. घरच्या बागेतून घूस हटवायची तर विषापेक्षा पिंजरा चांगला, असं माझं स्पष्ट मत आहे. पण प्राणी नीट ओळखलेला असेल, बीळ तपासलेलं असेल आणि सगळे पिंजरे एकाच आठवड्यात लागले असतील, तरच पिंजरा काम देतो.

ओळख

आपल्याकडे बागेत आणि शेतात ज्या घुशीचा सर्वाधिक त्रास होतो, ती लहान घूस, शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचं वजन साधारण २०० ते ४०० ग्रॅम असतं. अंग ठेंगणं आणि भरीव, तोंड बोथट, केस राठ आणि काळपट तपकिरी, शेपूट अंगापेक्षा आखूड. कोपऱ्यात सापडली की पाठीवरचे केस उभे करून ती गुरगुरते. साधा उंदीर अशा वेळी पळायची वाट शोधतो. ही अंगावर येते. ओलिताची जमीन तिला मानवते. भाताची खाचरं, उसाचे फड, कालव्यांचे बांध आणि शहरातली रोज पाणी मिळणारी हिरवळ ही तिची आवडती ठिकाणं. पोहण्यातही ती तरबेज असते.

मोठी घूस, बँडिकोटा इंडिका, वजनाने किलोभरापर्यंत जाते. गटारं, कुंपणाच्या भिंती, गोदामं आणि जुन्या घरांचे पाये यांच्या आसऱ्याला ती राहते. फरसबंदीच्या लाद्या अचानक खचू लागल्या, तर खाली तिने पोखरलं असण्याची शक्यता मोठी. काळ्या जमिनीच्या भेगांत मऊ केसांचा शेतउंदीर राहतो, पण तो लहानखुरा असतो आणि त्याचं बीळही साधं असतं. घरबागेत त्याचा उपद्रव किरकोळच, म्हणून इथे त्याचा एवढाच उल्लेख पुरे.

जिच्याबद्दल थांबून बोलायला हवं, ती चिचुंद्री. दर पावसाळ्यात कितीतरी चिचुंद्र्या घुशीची पिलं म्हणून मारल्या जातात. चिचुंद्री उंदरांच्या गणातली नाहीच. ती मोलची नातेवाईक आहे. दोघांचाही गण कीटकभक्षकांचा. लांब, टोकदार, सतत हलणारं नाक; बारीक डोळे; मुळाशी जाड आणि विरळ लांब केसांची शेपूट; चालताना चिक्‌चिक्‌ असा आवाज; आणि अंगाला कस्तुरीसारखा उग्र वास. एवढ्या खुणांवरून ती अंधारातसुद्धा ओळखता येते. उंदरासारखे सतत वाढणारे पटाशीचे दात तिला नसतात, त्यामुळे ती लाकूड, वायर, ठिबकची नळी कुरतडत नाही. ती झुरळं, अळ्या, किडे खाते. मोठं बीळ खोदून मातीचा ढीग करणं तिच्या ताकदीबाहेरचं आहे. ज्या बागेत चिचुंद्री आहे, तिथे घुशीचा ढीग दिसला म्हणून चिचुंद्रीला जबाबदार धरणं हा तिच्यावर अन्याय आहे आणि बागेचं नुकसानही.

कोकणात आणखी एक गफलत होते. भाताच्या बांधावर किंवा ओढ्याकाठच्या परसात दिसणारं प्रत्येक भोक घुशीचं नसतं. बरीच खेकड्यांची असतात. खेकड्याचं भोक चिखलाने लिंपल्यासारखं गुळगुळीत असतं, पाण्याच्या दिशेने उतरतं, आणि तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या पडलेल्या असतात. घुशीच्या तोंडाशी भुसभुशीत, खरवडलेली माती असते. आजूबाजूला कुरतडलेली मुळं, अर्धवट खाल्लेले कंद किंवा भुईमुगाची टरफलंही सापडतात.

बीळ

घुशीचं बीळ उकरून पाहिलं की तिच्या वागण्याचा निम्मा उलगडा होतो. वरून दोन-चार ढीग दिसतात, पण आत बोगद्यांचं जाळं असतं. मुख्य वाट पृष्ठभागाखालून आडवी जाते आणि तिला फाटे फुटतात. काही फाटे आंधळे असतात. काही साठवणीच्या कोठ्यांत उघडतात. हंगामात या कोठ्यांत भाताच्या लोंब्या, गव्हाच्या ओंब्या, भुईमुगाच्या शेंगा रचून ठेवलेल्या आढळतात, आणि एका बिळातून काही किलो धान्य निघणं ही अपवादाची गोष्ट मुळीच नव्हे. एखाद्या कोठीत सुक्या पानांचा आणि गवताचा थर असतो. ती बाळंतिणीची खोली. याशिवाय एक-दोन वाटा जमिनीच्या अगदी जवळ येऊन थांबतात आणि वर मातीचा पातळ पापुद्राच राहतो. मुख्य तोंडातून शत्रू आला, तर घूस हा पापुद्रा फोडून बाहेर पडते. बिळात पाणी सोडलं किंवा धूर केला की घूस भलतीकडूनच का निघते, याचं कारण हेच. काम करणाऱ्यांनी ढिगाभोवती पाच-सहा पावलांच्या परिघात आधीच फिरून पाहावं आणि मग पाणी सोडावं.

कातकरी समाजातल्या जाणत्या माणसांना ही रचना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. रायगड-ठाण्याच्या पट्ट्यात भात कापून झाल्यावर ते बांध उकरून उंदीर-घुशी धरतात, आणि खणायला सुरुवात करण्याआधी बाकीची तोंडं बंद करून घेतात. तमिळनाडूतले इरुळा हेच काम पहारीने आणि धुराच्या मडक्याने करतात. आपल्या कृषी यंत्रणेने या माणसांना मजूर म्हणून बोलावण्यापेक्षा जाणकार म्हणून बोलवावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रौढ घुशी बहुधा एकेकट्या राहतात. एका बिळात एक मोठी घूस, किंवा आई आणि तिची पिलं. पिंजऱ्यांचा हिशेब याच वस्तुस्थितीवर मांडावा लागतो, कारण मोजायची ती बिळं. एका बिळाच्या दोन-चार ढिगांना दोन-चार घुशी समजू नये. मोजताना जिवंत बीळ आणि सोडून दिलेलं बीळ वेगळं काढायला हवं. उंदरांसाठी शेतात रूढ असलेली रीत अशी : संध्याकाळी सगळी भोकं मातीने बुजवायची, सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत. लहान घुशीच्या बाबतीत हीच परीक्षा उलट्या बाजूने करावी लागते, कारण ती बिळाचं तोंड स्वतःच आतून मातीने बंद करून घेते. म्हणून संध्याकाळी ढीग हाताने बाजूला करून तोंड मोकळं करावं. सकाळी ते पुन्हा ताज्या, ओलसर मातीने बुजलेलं दिसलं, तर घूस आत आहे. ढिगावर कोळ्याचं जाळं किंवा पावसाने बसलेली पापडी असेल, तर ते बीळ बहुधा रिकामं. ही परीक्षा न करता लावलेले निम्मे पिंजरे वाया जातात.

काळाचा हिशेब

मादीचा गर्भकाळ साधारण तीन आठवड्यांचा. एका वेताला सरासरी सहा-सात पिलं, कधी त्याहून बरीच जास्त. व्याल्यानंतर थोड्याच दिवसांत ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि तिची पिलं सुमारे तीन महिन्यांत स्वतः वेताला येतात. खाणं-पाणी असलं तर वर्षभर प्रजनन चालू राहतं. यावरून निघणारा निष्कर्ष व्यवहाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे : दर पंधरा दिवसांनी एक घूस धरणाऱ्या माणसाच्या बागेतल्या घुशी कधीच संपत नाहीत. जेवढ्या धरल्या जातात, तेवढ्या जन्मतात किंवा शेजारून येऊन रिकामं बीळ बळकावतात. एक पिंजरा महिनाभर लावण्यापेक्षा दहा पिंजरे तीन-चार रात्री लावणं कितीतरी जास्त परिणामकारक असतं. पिंजरे पुरेसे नसतील, तर सोसायटीने वर्गणी काढून ते घ्यावेत.

हंगाम निवडायचा तर मे महिन्याचा उत्तरार्ध. शेतं मोकळी असतात, बाहेर खाणं कमी असतं, त्यामुळे घूस आमिषाला लवकर भुलते. पाऊस पडून सगळीकडे हिरवं झालं की तिला पिंजऱ्यातल्या भज्याची गरज उरत नाही. दुसरी संधी सुगी संपल्यावर मिळते.

विष का नको

शेतासाठी झिंक फॉस्फाईड आणि ब्रोमाडायोलोन यांची शिफारस होते, आणि मोठ्या क्षेत्रावर, गावाने एकत्र मोहीम केली, तर त्यांना जागा आहे. घरबागेचं गणित वेगळं. झिंक फॉस्फाईडपासून पोटातल्या आम्लामुळे फॉस्फिन वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. अंगणात रांगणारं मूल, शेजारचा कुत्रा, परसातल्या कोंबड्या यांच्यासाठी हा धोका पत्करण्याचं काही कारण नाही. शिवाय मात्रा कमी पडून घूस वाचली, तर ते आमिष ती पुन्हा तोंडात धरत नाही. ब्रोमाडायोलोन रक्त गोठू देत नाही. घूस काही दिवसांनी मरते, आणि ती सहसा बिळात किंवा भिंतीच्या पोकळीत मरते. मधल्या काळात सुस्तावलेल्या घुशीला गव्हाणी घुबडाने किंवा मांजराने उचललं, तर विष त्यांच्या पोटात जातं. घुशीवर जगणाऱ्या प्राण्यालाच मारणारा उपाय मला पटत नाही.

अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या तर घराच्या आसपास बिळात टाकूच नयेत. त्यांचा वायू पायाच्या फटींतून खोलीत शिरतो. हे काम परवानाधारक, प्रशिक्षित माणसांचंच आहे. चिकट सापळ्यांबद्दलही हात राखून लिहिण्यात अर्थ नाही. त्यांवर चिचुंद्री, पाल, सरडा आणि लहान पक्षी अडकून तासन्‌तास तडफडतात. मोठी घूस मात्र तो ओढत निघून जाते.

पिंजरा

मोल पकडणारे लोक सापळा बोगद्याच्या आत बसवतात आणि त्यात आमिष ठेवत नाहीत, कारण मोल क्वचितच वर येतो आणि आपल्या वाटेने जाता-येता खटक्यात सापडतो. ब्रिटनमध्ये २००६ साली मोलसाठी स्ट्रिकनीन वापरण्यावर बंदी आल्यापासून तिथे या सापळ्यांचं महत्त्व आणखी वाढलं. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत घर केलेल्या मराठी वाचकांनी तिथले नियम आधी पाहावेत. वॉशिंग्टन राज्याने २००० साली जनमताने प्राण्याचं अंग पकडणारे सापळे बंद केले आहेत. आपली घूस रोज रात्री खाण्यासाठी वर येते. म्हणून आपला पिंजरा जमिनीवर, तिच्या वाटेवर, आणि आमिषासह.

तिची वाट दिसते. भिंतीच्या कडेने, कुंडीच्या मागून, गवत दबून झालेली चार बोटं रुंद पायवाट असते. भिंतीवर अंग घासून तेलकट डाग पडलेला असतो. पिंजरा या वाटेला समांतर, भिंतीला टेकून, तोंड वाटेच्या दिशेने ठेवावा. मोकळ्या हिरवळीच्या मधोमध ठेवलेला पिंजरा सहसा रिकामाच राहतो, कारण उंदीर-घुशी उघड्यावरून जायचं टाळतात.

पिंजरा जाड तारेचा आणि प्रशस्त हवा. उंदराचा लाकडी खोका घूस कुरतडून मोकळी होते, आणि उंदरासाठी केलेला चाप तिला मारत नाही, नुसता जखमी करतो. आमिष म्हणून खरपूस भाजलेलं खोबरं, बोंबील किंवा सुकट, भजी, रताळ्याची फोड, गुळात मळलेला शेंगदाण्याचा कूट यांपैकी जे तिच्या नेहमीच्या खाण्यापेक्षा वेगळं आणि वासाला तीव्र असेल ते निवडावं. भुईमुगाच्या वाफ्याशेजारी शेंगदाणा लावून फारसा उपयोग होत नाही. आमिष आकड्यात घट्ट अडकवावं. सैल असलं तर खटका न पडता ते ओढून नेलं जातं.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट. उंदीर आणि घुशी नव्या वस्तूला बिचकतात. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री पिंजऱ्याचं दार दोरीने उघडं बांधून ठेवावं आणि आत आमिष घालावं. घूस निर्धास्तपणे आत जाऊन खाऊन गेल्याच्या खुणा दिसल्या, म्हणजे आमिष संपलंय, आत लेंड्या पडल्यात, की पुढच्या संध्याकाळी सगळ्या पिंजऱ्यांचे खटके एकदम लावावेत. घाई करून पहिल्याच रात्री खटका लावला आणि दार अर्धवट पडून घूस निसटली, तर ती त्या पिंजऱ्याकडे बरेच दिवस फिरकत नाही. रोज पहाटे पिंजरे पाहावेत. उन्हात अडकलेला प्राणी तहानेने मरू देणं क्रूरपणाचं आहे. चिचुंद्री सापडली असेल तर तिथेच सोडावी.

धरल्यानंतर

पकडलेली घूस दुसऱ्याच्या वस्तीजवळ नेऊन सोडणं हा प्रश्न सोडवण्याचा मार्ग नाही. आपला उपद्रव दुसऱ्याच्या गळ्यात बांधला जातो. पिंजऱ्यासकट बादलीत बुडवण्याची पद्धत सर्रास चालते. ती सोडायला हवी, कारण बुडून मरायला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ प्राणी पूर्ण शुद्धीवर धडपडत असतो. पिंजऱ्यावर गोणपाट टाकावं, त्याने घूस शांत होते. मग सवयीच्या माणसाने तिला गोणीत उतरवून डोक्यावर एकाच जोरदार घावाने मारावं. हात बसलेला नसेल, तर हे काम स्वतः करू नये. मुंबईत महापालिकेचा कीटकनाशक विभाग मूषकनियंत्रणाचं काम पाहतो आणि रात्री काठी-विजेरी घेऊन उंदीर मारणारे कामगार तिथे नेमलेले असतात. इतर शहरांतही पालिकेकडे किंवा अनुभवी कीड नियंत्रण कामगारांकडे चौकशी करावी.

हातमोजे आणि गमबूट याशिवाय या कामाला हात घालू नये. घुशीच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायावरच्या बारीकशा जखमेतूनही शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने या रोगाची साथ पाहिली. दुसरी भीती पिसवांची. १८९६ साली प्लेग मुंबईत आला, आणि पुढच्या दशकात परळच्या प्रयोगशाळेतल्या कामामुळे उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी पक्की झाली. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावाने तीच आठवण पुन्हा जागी केली. मेलेल्या प्राण्याचं अंग थंड होऊ लागलं की पिसवा ते सोडून जवळच्या उबदार अंगाकडे जातात. म्हणून मेलेली घूस उघड्यावर पडू देऊ नये. चिमट्याने लगेच पिशवीत घालून पिशवी बांधावी आणि खोल खड्ड्यात पुरावी. परिसरात पिंजऱ्याशिवायच एकाएकी अनेक उंदीर मरून पडलेले दिसले, तर त्यांना हात न लावता आरोग्य खात्याला कळवावं.

परत येऊ नये म्हणून

पिंजरा रिकामा परतू लागला की दोन दिवसांत बिळं उकरून, कोठ्यांतलं धान्य आणि पानांचा थर काढून, माती ठोकून बसवावी. तयार बीळ ठेवलं तर नवीन भाडेकरू लवकरच येतो. कुंपणाच्या कडेला जाळी गाडायची तर जाळीचं छिद्र १२ मिलिमीटरपेक्षा मोठं नको, खोली निदान ४५ सेंटिमीटर हवी आणि तळाशी जाळी बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवलेली हवी, कारण भिंतीशी येऊन घूस सरळ खाली खणते आणि त्या वळलेल्या भागावर अडते. कंपोस्टच्या खड्ड्यात शिजवलेलं अन्न टाकणं, पक्ष्यांसाठी सांडलेलं धान्य रात्रभर ठेवणं, विटांचा आणि पालापाचोळ्याचा ढीग भिंतीशी रचणं, या तिन्ही गोष्टी थांबवाव्या लागतात. श्राव्यातीत आवाजाची यंत्रं विकत घेऊ नयेत. तो आवाज मातीत शिरत नाही.

शेतमळ्यात उंच खांबाला आडवी पट्टी ठोकून पक्षिथांबे उभारले, तर रात्री गव्हाणी घुबड त्यावर बसून शिकार करतं. जुन्या विहिरीच्या कपारीत किंवा वाड्यात घुबडाचं घरटं असेल तर ते हलवू नये. धामण बिळात शिरून पिलं खाते. तिला विषारी समजून मारू नये, ती पूर्ण बिनविषारी आहे.

एका बागेत एवढं सगळं नेटाने केलं आणि कुंपणापलीकडे काहीच झालं नाही, तर पावसाळा संपता संपता नवे ढीग दिसायला लागतात. म्हणून येत्या मे महिन्यात पिंजरे लावण्याआधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी बोला, सगळ्यांनी मिळून एकच आठवडा ठरवा, आणि त्या आठवड्यात गल्लीतला एकही परसू वगळू नका.